नंदाक्कांचा दोन कानांचा डबा

साडीवर सेफ्टी शूज घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. भट्टीवरचे लोक घालतात तसले काळे, अवजड, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, आणि वर गडहिंग्लजच्या बाजारातली इरकली साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कपाळावर विभूतीची आडवी बोटं. अशा थाटात महानंदा मठपती स्कूटरवरून शिरोलीच्या एमआयडीसीत शिरल्या, की गेटवरचा वॉचमन पास विचारायच्या आधी उभा राहायचा. सगळे त्यांना नंदाक्का म्हणत. आमच्या कारखान्याच्या मालकांसकट सगळे.

त्यांच्याबद्दल लिहिताना जरा शांतपणे लिहा, असं बायकोनं मला बजावलं आहे. ते जमणार नाही. त्यांच्या बाबतीत जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी तेव्हा शिरोलीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न स्टोअर सांभाळत होतो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नमुना. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न चुकला की सगळंच चुकलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे असंच एक प्रकरण झालं. पंपाचे दोन पॅटर्न, दिसायला जुळे भाऊ, फरक फक्त एका कडेच्या जाडीचा. एक पाळीभर चुकीच्या पॅटर्नवर ओतकाम झालं आणि सगळा माल भंगारात गेला. ऑफिसनं ठपका ठेवला तुकाराम मामांवर. मामा आमचे सगळ्यात जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारे, मुरगूडकडचे, तोंडात शब्द नसलेला माणूस. "म्या न्हाय न्हेला त्यो," एवढंच ते म्हणाले. त्यांना आठवडाभर घरी बसवलं. पुढे कळलं की पॅटर्न दुसऱ्या पाळीतल्या कुणीतरी चुकीच्या मांडणीवर आणून ठेवला होता. मामांना परत बोलावलं, पण चूक झाली असं म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

त्यानंतर मालकांनी नंदाक्कांना बोलावलं. उद्यमनगरात एका टायरवाल्याच्या माडीवर त्यांचं वर्कशॉप होतं. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि आता वायरलेस बिल्ले वाचणारी यंत्रं बनवू लागल्या होत्या. आरएफआयडी हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला आणि लगेच विसरलो, कारण त्यांनी तो एकदाच उच्चारला. पुढे त्या नुसतं 'डबा' म्हणायच्या.

"हे बघ तम्मा," त्या म्हणाल्या. सीमेकडच्या असल्यामुळे माझ्यासारख्या धाकट्याला त्या कानडी पद्धतीनं तम्मा म्हणत, आणि आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं स्वतःबद्दल 'मी करतो, मी येतो' असंच बोलत. "ह्यो बिल्ला." तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी त्यांच्या तळहातावर होती. "ह्येला ब्याटरी न्हाय, काय न्हाय. डब्यानं हाळी दिली की ह्यो आपला नंबर सांगतोय. एका पॅटर्नात एक बसवायचा. संपलं."

"आणि गेटवरची कार्डं? ती पण तशीच की," मी म्हणालो.

"त्यांचा आवाज येगळा. बिल्ल्याचा आवाज जाड, कार्डाचा बारीक. लांबनं वरात आली की पयला ढोल ऐकू येतोय का सनई?"

"ढोल."

"मग? वाळू, लाकूड, भित्ताड, सगळ्यातनं जाड आवाज जातोय. बारीक आवाजाला जवळ यावं लागतंय. म्हणून बिल्ल्याचा कान येगळा, कार्डाचा कान येगळा. जगात समदी दोन डबे लावत्यात. आपण एकच लावायचा."

खरं म्हणजे आम्हाला एकच कान हवा होता, पॅटर्न ओळखणारा. दुसरा कुणी मागितलाच नव्हता. पण बोलता बोलता मी त्यांना तुकाराम मामांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, मग विचारलं, "आन् माफी कुणी मागटली?"

"कुणी नाही."

त्यांनी एक पाय वाळूच्या घमेल्यावर ठेवला, बुटाची नाडी सोडली आणि कचकचून परत आवळली. पुढे मला कळलं की त्यांना राग आला की त्या हेच करतात. कुणावर हात उगारायचा नाही, कुणाला शिवी द्यायची नाही, नाडी आवळायची. मग म्हणाल्या, "कार्डाचा कान घालतो मी. पॅटर्न कुठला आन् न्हेला कुणी, दोन्ही एकाच टायमाला डबा सांगंल. परत मामाचं नाव कुणी घेटलं की त्येला डब्याम्होरं हुबा करा."

तो कान त्यांनी मामांसाठी घातला. हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. ज्यांनी विसरू नये ते विसरले.

काम सोपं नव्हतं. लाकडी पॅटर्न बोलू लागले, पण अॅल्युमिनियमचे मुके. धातू सगळा आवाज गिळतो म्हणे. दोन्ही कान एका डब्यात शेजारी ठेवले की एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालायचे. नंदाक्का आमच्या स्टोअरमध्ये स्टूल टाकून बसायच्या, कॉईल गुंडाळायच्या, उलगडायच्या, आणि कानडीत पुटपुटायच्या. गळ्यातलं चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग त्या तेवढ्यापुरतं पाठीवर सारत. "द्येव सोसंल, पण माझी कॉईल चांदी सोसत न्हाय," म्हणायच्या आणि हात जोडायच्या. शेवटी पॅटर्नला खाच पाडून, त्यात सागवानी खुंटी ठोकून, खुंटीत बिल्ला बसवला. अॅल्युमिनियम बोललं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या मोल्डरांना भडंग खायला घातलं आणि तुकाराम मामांच्या हातानं पहिला पॅटर्न डब्यासमोरून नेला. मामांनी कार्ड टेकवलं, डब्यानं टुक केलं. मामा लहान मुलासारखे हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

मग आली खंडेनवमी. कोल्हापूरच्या कारखान्यांत हा दिवस दिवाळीहून मोठा. सगळी यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळं लाल कापडावर मांडून हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही. आमच्या पोरांना नव्या डब्याचं भारी कौतुक. त्यांनी हॉटेलात पोळ्या गुंडाळतात तो चंदेरी कागद आणला आणि डबा वरपासून खालपर्यंत मढवला. वर हार, पुढे नारळ. नवरदेवासारखा दिसत होता. आणि दसऱ्यानंतर काम सुरू झालं तर डबा बहिरा! कार्ड तर ऐकेचना, पॅटर्नही दहा वेळा फिरवले तर एकदा.

नंदाक्का धावत आल्या. तो मढवलेला डबा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो! कुणी केलं ह्ये?"

"आमीच. पूजा क्येली," मोल्डर म्हणाले.

"पूजा क्येली का कानात बोळं घाटलं? ह्यो कागद धातूचा हाय. त्येच्या आत डब्याला काय ऐकू येतंय?" मग त्यांना एकदम हसू फुटलं. कागद सोलत त्या म्हणाल्या, "आता दर खंडेनवमीला मी येतो. माझ्या डब्याची पूजा मीच करणार. फुलं घाला, गुलाल टाका, ह्यो कागद तेवढा नगो."

आणि त्या खरंच येऊ लागल्या. दर वर्षी, झेंडूची पाटी स्कूटरला बांधून. कारखान्याच्या सगळ्या शॉपमधून फिरायच्या, प्रत्येक डब्याला फूल वाहायच्या, तुकाराम मामांच्या हातचा पेढा खायच्या. त्या काळात पॅटर्न चुकल्याचा आळ कुणावर आला नाही. मालक खूश होते. त्यांनी आणखी डबे घेतले. त्यांचे तीन कारखाने होते. गेटवर येणाऱ्या ट्रकचा बिल्ला लांबूनच वाचणारा तिसरा कान तयार करा, तिन्ही कारखान्यांचं काम तुम्हालाच, असा शब्द त्यांनी दिला. त्या शब्दावर नंदाक्कांनी टायरवाल्याची माडी सोडून गोकुळ शिरगावला मोठी शेड घेतली आणि पॉलिटेक्निकमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मुली कामावर ठेवल्या.

अशात आमच्याकडे नवे पर्सोनेल मॅनेजर आले. शर्टाला चुणी नाही, आवाज कधी चढत नाही, आणि बोलण्यात सारखा 'शिस्त' हा शब्द. त्यांना शोध लागला की स्टोअरमध्ये एक जादा डबा पडून आहे आणि तो माणसांची कार्डंही ऐकतो. त्यांनी तो संडासाच्या दारावर ठोकला. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं. शेजारी वॉचमन उभा. आणि दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत साहेब कॅन्टीनच्या भोंग्यावरून, त्याच न चढणाऱ्या आवाजात, ज्यांनी आत जास्त वेळ घालवला त्यांची नावं वाचायचे.

पहिलं नाव कायम तुकाराम मामांचं. साठीला आलेला माणूस. या वयात पुरुषाला काय त्रास होतो हे साहेबांच्या घरी म्हातारे वडील असते तर त्यांना कळलं असतं. नाव ऐकलं की मामा भाकरी तशीच ठेवून उठायचे. पोरं आधी हसली, मग हसायची बंद झाली. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तावातावानं बोललो. ते म्हणाले, "तुम्ही तुमचे पॅटर्न बघा."

मामांनी उपाय काढला. पाणी पिणंच सोडलं. भट्टीजवळ, जिथे बाकीचे लोक तांब्यावर तांब्या रिचवतात, तिथे मामा सुकलेल्या ओठांनी दिवस काढायचे. एका दुपारी साच्याजवळच कोसळले. हातात वितळलेल्या लोखंडाची पळी नव्हती हे नशीब. शुद्धीवर आल्यावर पहिली काळजी काय, तर कार्ड टेकवायचं राहिलं का. साहेब म्हणाले, वय झालंय. मला आजही लिहिताना मूठ आवळावीशी वाटते.

खंडेनवमी चार दिवसांवर होती. नंदाक्कांना फोनवर काय सांगायचं, येणारच आहेत, समोरच सांगू, असं मी ठरवलं. पण सांगायची वेळच आली नाही. त्या पाटी घेऊन आल्या, आमच्या स्टोअरच्या डब्याला हार घातला, साच्यातले गाभे बनतात त्या कोअर शॉपच्या डब्याला घातला, आणि मोल्डिंग शॉपमधून पलीकडे जाताना त्यांना संडासाच्या दारावर आपला डबा दिसला. सगळा कारखाना झेंडूनं पिवळा झालेला. मोडक्या ढकलगाडीलासुद्धा फूल होतं. त्या डब्याला कुंकवाचं बोटही नव्हतं.

"ह्येला कुणी फूल न्हाय घाटलं व्हय?"

तुकाराम मामा पुढे झाले. "त्येला आमी पुजत न्हाय, अक्का."

"का? माझाच डबा हाय की."

"तुमचाच हाय. म्हणून तर कुणी काय बोललं न्हाय."

मग मी सगळं सांगितलं. शनिवारचा भोंगा, सोडलेलं पाणी, सगळं. नंदाक्कांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. पायरीवर पाय ठेवून त्यांनी नाडी सोडली, आवळली, पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. मग थेट लाल कापडावर मांडलेल्या हत्यारांकडे गेल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरवर हात नेला.

"अक्का, पूजेतलं हाय!" फोरमन ओरडला. "उद्यापत्तर हात लावायचा न्हाय!"

त्यांचा हात तसाच थांबला. त्या देवभोळ्या होत्या, आणि ती रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. तेव्हा तुकाराम मामांनी वाकून तो स्क्रू-ड्रायव्हर उचलला, कपाळाला लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्याच्या मुठीवरचं कुंकू त्यांच्या बोटांना लागलं.

मालक, मालकीणबाई, साहेब सगळे आरतीला जमले होते. नंदाक्कांनी सगळ्यांसमोर डबा उघडला आणि कार्डाचा कान, म्हणजे ती तांब्याची बारीक कॉईल, उपसून पर्समध्ये टाकली.

"मॅडम, ही कंपनीची प्रॉपर्टी आहे," साहेब म्हणाले.

"डबा तुमचा. पण ह्यो कान मी मामावर आळ येऊ नये म्हणून घाटलाय. तुमी त्यानं मामाचं मूत मोजाया लागलासा?"

मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मालकांनी पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात घेतला. साहेबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तुम्हाला यापुढे गेटच्या आत येता येणार नाही," ते म्हणाले, आणि मालक गप्प राहिले. ते गप्प राहिले, हे मी त्यांचं मीठ खाऊनही लिहितो आहे.

तिन्ही कारखान्यांचं काम पुण्याच्या कुणाकडे तरी गेलं. त्यांनीच संडासावर नवा डबा बसवला, नुसता कार्डाचा, चकचकीत. शनिवारचा भोंगा पुन्हा सुरू झाला. नंदाक्कांना गोकुळ शिरगावची शेड सोडावी लागली. त्या दोन मुलींना दुसरीकडे नोकरी लावून देऊन त्या पुन्हा टायरवाल्याच्या माडीवर आल्या. आणि उद्यमनगरातली शहाणी माणसं काय म्हणत होती? अक्कांनी डोकं शांत ठेवायला हवं होतं. हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं, की ते बोलणाऱ्याचं तोंड बघावंसं वाटेना. ज्याचं नाव भोंग्यावर वाचलं जात नाही, त्याचं डोकं शांत राहायला काय हरकत आहे?

मी त्यांना भेटायला माडीवर गेलो तेव्हा त्या एका दूध संस्थेसाठी डबा करत होत्या. म्हशीच्या कानात बिल्ला, गोठ्याच्या दाराशी डबा. "एकच कान घाटलाय," म्हणाल्या. "म्हशीला लाज वाटत न्हाय, तम्मा. माणसाचं काम न्हाय करत मी आता." हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. तुकाराम मामा पाणी पितात का, एवढं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

पुढच्या खंडेनवमीला वॉचमन सांगत आला, अक्का गेटवर आल्यात. मी गेलो. स्कूटर स्टँडला, हातात झेंडूची पाटी. आत यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"स्टोअरचा डबा चालू हाय न्हवं? त्येला घाल म्हणून आणली," त्या म्हणाल्या.

मी खुशीत सांगितलं, "अक्का, औंदा पोरांनी संडासाच्या डब्याचीपण पूजा केलीय. चंदेरी कागदानं पार मढवलाय. हार, नारळ, उदबत्ती, सगळं. पूजेचं म्हणून साहेबांना काढता येईना. ठार बहिरा झालाय!"

मला वाटलं त्या खळखळून हसतील. त्या हसल्या नाहीत. पाय स्कूटरवर ठेवून नाडी आवळू लागल्या.

"कागद किती दिवस टिकंल? दसरा झाला की काढत्यालच की. मी मशीन बहिरं क्येलं, तुमी समदी मुकी का झालासा? तोंड हाय न्हवं? तोंडानं सांगा की त्या मालकास्नी!"

मी पाटी घेऊन आत आलो आणि त्या काय म्हणाल्या ते मामांना जसंच्या तसं सांगितलं. तेवढ्यात आरती फिरत फिरत मोल्डिंग शॉपमधून संडासाच्या दाराशी आली. चंदेरी कागदात गुंडाळलेला देव पाहून मालकांचे हात सवयीनं जोडले गेले, मग त्यांच्या लक्षात आलं.

"काढा हे," साहेब म्हणाले. कुणी हललं नाही.

तुकाराम मामांनी घसा खाकरला. "मालक, कागद नगा काढू. डबा काढा. मला लई लाज वाटतिया."

एवढंच बोलले. इतकी वर्षं त्या शॉपमध्ये काढून त्या माणसानं स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट. मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय मालक, काढा." मग सगळेच म्हणू लागले. साहेब शिस्तीबद्दल काहीतरी बोलत होते, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"उद्या बघू. आज हत्याराला हात लावत नाहीत," मालक म्हणाले.

"मागल्या साली मीच लावलाता," मामा म्हणाले आणि लाल कापडाकडे गेले. मालकांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मामांनी स्वतःच्या हातानं, हारासकट, कागदासकट तो डबा खाली उतरवला आणि मालकांच्या पायाशी ठेवला. तो पुन्हा कधी दारावर गेला नाही.

मी मालकांजवळ जाऊन म्हणालो, अक्का गेटवर आहेत, त्यांना आत घेऊन येऊ का? ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष काही आलं नाही. यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही.

पळत गेटवर गेलो तर इतका वेळ थांबून नंदाक्का आता स्कूटरला किक मारत होत्या. धापा टाकत सांगितलं, "निघाला, अक्का. डबा निघाला."

"कोण बोललं?"

"तुकाराम मामा."

"तोंडानं?"

"व्हय. समद्यांच्या म्होरं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, अगदी उघडपणे, वॉचमनसमोर. "पाणी पाज त्यास्नी. माझ्या नावानं," म्हणाल्या आणि स्कूटर हायवेकडे वळवली. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. त्यांच्या एका बुटाची आवळता आवळता अर्धी राहिलेली नाडी सुटून लोंबत होती, आणि त्यांनी ती बांधायला स्कूटर थांबवली नाही.